कविता फॉरवर्ड करू नका, वाचून दाखवा (नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी)

आधीच सांगतो, मी काय मराठीचा मास्तर नाही. कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहितो, दिवसभर रवे म्हणजे गुळाच्या ढेपा, वजन आणि विक्रीच्या पट्ट्या. पण गेली आठ-नऊ वर्षं महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आमच्या गल्लीत पाच-सात जण बसतो आणि एकमेकांना कविता वाचून दाखवतो, आणि हे कळलं की कोण ना कोण विचारतंच, की आम्हाला पण कविता आवडतात ओ, पण सुरुवात कुठनं करायची, कुणाची वाचायची, वाचली तर सांगायची कुणाला, घरात तर कुणी ऐकत नाय. तेच आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो म्हणजे दरवेळी चहाच्या गाड्यावर उभं राहून सांगायला नको.

सुरुवात नव्या कवितेनं करू नका

लोक काय करतात, एकदम जाऊन मोठ्या कवीचा समग्र ग्रंथ आणतात, दहा पानं वाचतात आणि मग ते पुस्तक टीव्हीखाली जातंय. त्यापेक्षा तुम्हाला आधीच अर्धीमुर्धी पाठ असलेली कविता धरा. असतेच प्रत्येकाची. शाळेतली असेल, आईच्या तोंडची ओवी असेल, नायतर सिनेमातलं गाणं असेल, त्यात कमीपणा काय नाही. गीतकार जगदीश खेबुडकर आपल्या जिल्ह्यातल्या हळदी गावचे, पेशानं शिक्षक, त्यांच्या गाण्यांचे शब्द चाल काढून नुसते वाचून बघा, कुठली ओळ चालीवर तरून जाते आणि कुठली स्वतःच्या पायावर उभी राहते ते आपसूक कळतंय. शाळेची कविता विसरला असाल तर बालभारतीनं जुनी पाठ्यपुस्तकं स्कॅन करून आपल्या साईटवर ठेवलीत, तुमच्या वर्षाचं पुस्तक शोधा. मी माझं चौथीचं उघडलं तेव्हा कवितेआधी चित्रच ओळखीचं निघालं, आणि मग तासभर त्यातच गेला.

मला विचाराल तर पहिल्यांदा बालकवींची औदुंबर घ्या. आठ ओळी आहेत फक्त. एका बैठकीत पाठ होते आणि आयुष्यभर पुरते असं मी म्हणेन, कुणाला जास्त वाटलं तर वाटू दे. त्यात गोष्ट अशी काहीच नाही, झरा आहे, पलीकडं टेकडीकडं चार घरांचं गाव, हिरवी शेतं, पांढरी पायवाट, काळा डोह, आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. रंग मोजा, निळासावळा, हिरवा, पांढरा, काळा. पहिल्यांदा वाचली की वाटतंय छान आहे की निसर्गवर्णन. मग शेवटच्या ओळीपाशी या, "पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर". हा "असला" काय आहे? असला म्हणजे अशा प्रकारचा? की नुसता ओळ भरायला? आणि बसला असला तर कशासाठी बसलाय, गंमत म्हणून की सगळं सोडून? आमच्यात ह्या एका शब्दावर अर्धा तास गेला होता, एक काका म्हणाले तो साधू आहे, एक पोरगी म्हणाली साधूबिधू काय नाही, कॉलेज बुडवून कुणी रंकाळा तलावावर बसतोय तसा बसलाय. दोघांचंही खरं वाटलं मला. म्हणजे काय, की एक शब्द सापडला पाहिजे ज्यापाशी तुम्ही अडता, मग कविता तुमची झाली समजा.

पुस्तकं कुठनं आणायची

विकत घ्यायची घाई नको. आपल्याकडं करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 सालापासनं चालू असलेलं वाचनालय आहे हे, आणि निम्म्या कोल्हापूरला ते फक्त बाहेरनं माहीत आहे. सभासद व्हा आणि कवितांच्या कपाटापुढं उभं राहून पुस्तकं चाळा. कवितेच्या पुस्तकाचं बरं असतंय, कुठलंही पान उघडा, वाचा, नाही पटलं तर ठेवा, कादंबरीसारखं पहिल्या पानापासून कुणी मागं लागत नाही. मी तरी तसंच करतो, एका पुस्तकातल्या तीन कविता वाचायच्या, पहिली, मधली आणि एक कुठलीपण, तिन्हीतली एक जरी परत वाचावीशी वाटली तर पुस्तक घरी.

फोनवर वाचणाऱ्यांसाठी मराठी विकिस्रोत आहे, जुन्या कवींसाठी चांगलं आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साईटवर पण फुकट पीडीएफ मिळतात. फक्त पीडीएफ उतरवून ठेवणं म्हणजे वाचणं नव्हे, माझ्या फोनमध्ये चाळीसेक पडलेत न उघडलेले.

नावं सांगायची तर मी ठराविक चार-पाच सांगतो. बहिणाबाई चौधरी, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं, कामं करता करता गायच्या आणि घरच्यांनी उतरवून घेतलं, पुस्तक निघालं 1952 ला, त्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे ती कविता जन्मल्यापासनं तोंडानं म्हणायचीच आहे, नुसती डोळ्यांनी वाचून अर्धीच मिळते. कुसुमाग्रजांची विशाखा, 1942 ची, आणि तिच्यात आपला पण थोडा वाटा आहे बरं का, ती निघाली वि. स. खांडेकरांनी मनावर घेतल्यामुळं आणि खांडेकर तेव्हा कोल्हापुरातच राहायचे. इंदिरा संत, बेळगावच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. ना. धों. महानोरांच्या रानातल्या कविता, शेतीवाल्या घरातल्यांना ह्या लगेच लागतात. आणि नारायण सुर्वे. नामदेव ढसाळांचा गोलपिठा नंतर घ्या, सोडू नका पण नंतर घ्या, तो एकदम अंगावर येतोय आणि घरात मोठ्यानं वाचायची पंचाईत होते, आमच्यात एकानं वाचला तेव्हा आजी उठून आत गेल्या आणि पाच मिनिटांनी दारात येऊन उभ्या राहून पूर्ण ऐकलं.

मोठ्यानं वाचा, तीनदा

पहिल्यांदा मनात, दुसऱ्यांदा मोठ्यानं, तिसऱ्यांदा कुणाला तरी. तिसऱ्याला माणूस नसेल तर भिंत चालते, मी सुरुवातीला दुकान बंद केल्यावर गुळाच्या रव्यांना वाचून दाखवायचो. मोठ्यानं वाचताना जीभ जिथं अडखळते तिथं एकतर तुमचं चुकलंय नायतर छापणाऱ्याचं, आणि आजकाल बऱ्याचदा फॉरवर्ड करणाऱ्याचं.

हे एकदा नीट दाखवतोच, कारण हिशेबाचं आहे आणि ते मला जमतंय. बा. सी. मर्ढेकरांची ओळ आहे, "पिपांत मेले ओल्या उंदिर". ही मला मोबाईलवर आली ती अशी, पिंपात ओले उंदीर मेले. पाठवणाऱ्यानं बिचाऱ्यानं शुद्धलेखन सुधारून पाठवलं होतं. आता मोजा. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, डोक्यावर अनुस्वार असला तरी दोन, जोडाक्षराची भानगड सध्या राहू द्या. पिपांत चार, मेले चार, ओल्या चार, उंदिर चार, झाल्या सोळा. चार चारचे चार गठ्ठे, ताल धरून चालतंय. सुधारलेल्या ओळीत पिंपात पाच झाले आणि उंदीर पण पाच, एकूण अठरा, गाडा कलंडला. आणि नुसता ताल नाही, अर्थ पण गेला, "ओल्या" हे पिपाचं आहे, ओल्या पिपात, शब्द मुद्दाम इकडचे तिकडं फेकलेत. "ओले" केलं की उंदीर भिजले आणि पीप कोरडं. एका वेलांटीनं आणि एका मात्रेनं एवढा घोळ होतोय, म्हणून म्हणतो कविता उतरवून घेताना पुस्तकात आहे तश्शीच घ्या, जुनं शुद्धलेखन असलं तरी हात लावू नका, आणि ओळ जिथं तुटलीय तिथंच तोडा. कॉपी-पेस्ट करताना ओळी एकमेकींना चिकटतात ते आधी बघा.

वही करा

साधी शंभर पानी, रेघांची. फोनमध्ये नोट्स असतात ते ठीक आहे पण हातानं लिहिलेली कविता निम्मी पाठ होऊन जाते, हे करून बघितल्याशिवाय पटणार नाही. प्रत्येक कवितेवर चार गोष्टी लिहायच्याच, कवी, कवितासंग्रह, साल, पान नंबर. पाचवी हवी तर आणखी एक, कुणी ऐकवली.

हे मी एवढं का ठासून सांगतोय, तर माझी एकदा चारचौघात फजिती झाली होती. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, एका कार्यक्रमात मला पण पाच मिनिटं दिली होती, आणि मी मोबाईलवर आलेली, खाली "कुसुमाग्रज" असं लिहिलेली कविता अगदी आवाज चढवून वाचली. टाळ्या पण पडल्या. खाली उतरल्यावर पहिल्या रांगेतल्या एक रिटायर बाई, शिक्षिका असाव्यात, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "छान वाचलंत, कुठल्या संग्रहातली हो?" मी म्हटलं बघून सांगतो. अजून बघतोय. सगळे संग्रह पालथे घातले, नाहीच ती कविता त्यांची, शब्द पण त्यांचे वाटत नाहीत हे आता कळतंय, तेव्हा नाही कळलं. कवी जेवढा लाडका तेवढं त्याच्या नावावर जास्त खपवलं जातंय, विंदांचं तेच, पाडगावकरांचं तेच. त्यामुळं आमच्याकडं आता नियमच आहे, संग्रहाचं नाव आणि पान सांगता आलं तर कविता कवीच्या नावानं वाचायची, नाही आलं तर "कवी माहीत नाही" म्हणून वाचायची. वाचायला बंदी नाही, नाव चिकटवायला आहे.

माणसं कशी जमवायची

पाच पुरेत. सातच्या वर गेलं की सभा होते, आणि सभा झाली की कुणीतरी अध्यक्ष होतोय.

हे काय आपण नवीन काढलेलं नाही म्हणा, 1923 ला पुण्यात रविकिरण मंडळ असंच चहाला जमणाऱ्या कवितावेड्या मित्रमंडळींचं होतं आणि त्यातले माधव जूलियन पुढं आपल्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवायला आले, मराठीत गझल रुजवणारा माणूस आपल्या गावात मास्तर होता. विंदा करंदीकर पण कोल्हापुरात शिकलेले. त्यामुळं कुणी म्हटलं की कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा आणि कुस्ती, इथं कसल्या कविता, तर त्याला ही दोन नावं सांगायची आणि एक वाटी रस्सा वाढायचा.

जागेचं म्हणाल तर आम्ही आधी रंकाळ्यावर बसून बघितलं. वातावरण झकास पण भेळवाले, घोडेवाले, लहान पोरांच्या पिपाण्या, कविता वाचणारा ओरडायला लागतो आणि ओरडून वाचलेली कविता म्हणजे पोवाडाच होतोय, पोवाडा असेल तर ठीक. टाउन हॉलच्या बागेत सकाळी जमतंय. पण सगळ्यात बरी घराची गच्ची नायतर सोपा म्हणजे ओसरी, पावसाळ्यात तर सोपाच. चहा एकदाच, मध्ये. खायला काय आणायचं ते शेवटी, नायतर मिसळीचा वास सुटल्यावर इंदिरा संत कोण ऐकतंय.

आमचे नियम चुकत चुकत ठरलेत, ते असे. एकानं एकच कविता वाचायची, दोन वाचायची हौस असेल तर पुढच्या महिन्यात. कविता वाचायच्या आधी ती कशावर आहे ते सांगायचं नाही, हा फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडं दोन मिनिटांच्या कवितेला सात मिनिटांची प्रस्तावना असते. वाचून झाल्यावर लगेच वा वा करायची नाही, थोडा वेळ गप्प. मग परत तीच कविता दुसऱ्या कुणीतरी वाचायची, हे आम्ही नंतर सुरू केलं आणि सगळ्यात मजा ह्याच्यातच आहे, तीच कविता दुसऱ्या तोंडातनं वेगळी होऊन येते. आमच्यातल्या एक वहिनी अस्सल पेठेतल्या, रोजचं बोलणं "मी येतो, मी जातो, मी केलो" असं, इथल्या बायका बोलतात तसं, त्यांनी इंदिरा संतांची कविता वाचताना "येते" म्हटलं तर त्यांचीच पोरगी फिस्सकन हसली, आणि वहिनी न थांबता पुढं वाचत गेल्या आणि शेवटी स्वतःच म्हणाल्या की असं बाईसारखं बोलून बघितलं तर मला मीच परकी वाटलो. त्यावर नंतर जी चर्चा झाली ती मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

आणि एक नियम ज्यावरनं दोघं आमच्यावर रुसून गेले, स्वतःची कविता पहिल्या तासात वाचायची नाही. आम्ही सगळेच थोडंफार लिहितो, मी पण लिहितो, गूळ आणि मूळ असलं काय काय यमक जुळवून. पण एकदा स्वतःच्या कविता सुरू झाल्या की प्रत्येक जण दुसऱ्याची संपायची वाट बघत बसतो, ऐकत कुणी नाही. दुसऱ्याची आवडलेली कविता वाचताना माणूस जरा मोकळा असतो, टीका झाली तर कवीवर जाते.

पहिल्या दोन-तीन वेळा लोक येणार नाहीत, ते धरून चाला. आमच्या दुसऱ्या बैठकीला मी आणि शेजारचे दाजी, दोघंच. दाजींना कवितेतलं काय कळत नाही असं त्यांचं म्हणणं, पण भजनी मंडळात टाळ वाजवतात, त्यांनी सहज तुकोबांचे चार अभंग म्हटले न बघता. म्हणजे ज्याला काय कळत नव्हतं त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होतं. तेव्हापासनं माणसं शोधायला मी भजनी मंडळात आधी जातो, कॉलेजात नंतर.

लांबच्यांना पाठवायची असेल तर

पुण्या-मुंबईला गेलेली पोरं असतात, त्यांना पाठवावीशी वाटतेच. मग टाईप केलेली पाठवण्यापेक्षा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, एका वेळी एक, एकाच माणसाला, त्याचं नाव घेऊन. शंभर जणांच्या ग्रुपवर टाकलेल्या कवितेला अंगठे येतात, एकाला पाठवलेल्या कवितेला फोन येतोय.

आता कायद्याचं थोडं, कारण अख्खा संग्रह फोटो काढून टाकणारे बहाद्दर पण आहेत. कवी गेल्यावर पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासनं 60 वर्षं हक्क वारसांकडं असतात. त्या हिशेबानं केशवसुत गेले 1905 ला, बालकवी 1918, माधव जूलियन 1939, मर्ढेकर 1956, ह्यांच्या कविता पूर्ण टाका, बिनधास्त. बहिणाबाईंचं पुस्तक त्यांच्या मागं निघालं, तिथं 60 वर्षं पुस्तक निघाल्यापासनं मोजतात, ती पण 2012 अखेर संपली. पण कुसुमाग्रज 1999 ला गेले, इंदिरा संत 2000 ला, विंदा 2010 ला, ह्यांची अख्खी कविता सगळीकडं लावायला परवानगी लागते. दोन-चार ओळी घेऊन त्यावर आपलं म्हणणं लिहायला हरकत नसते, आणि खरं तर तेच जास्त वाचलं जातंय. पुढं संग्रहाचं नाव टाका, ज्याला आवडेल तो विकत घेईल.

आणि वही वरच्या फळीवर ठेवा

हे गंमत म्हणून नाही सांगत. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझी वही दुकानात खालच्या कप्प्यात होती, खातेवह्यांबरोबर. पाणी उतरल्यावर गूळ तर गेलाच, वही हातात आली ती सुजून दुप्पट जाड झालेली, आणि मी हौसेनं शाईपेनानं लिहायचो, सगळी निळी झालेली. दुकानातला पोरगा म्हणाला, भावा, ही आता भिजकी वही झाली. त्याला माहीत पण नव्हतं तो काय बोलून गेला. अरुण कोलटकर जन्मानं कोल्हापूरचे, जेजुरी इंग्रजीत लिहून 1977 ला कॉमनवेल्थचं पारितोषिक घेतलेला माणूस, आणि त्यांचा मराठीतला जाडजूड संग्रह भिजकी वही, 2003 चा, जगभरातल्या रडणाऱ्या बायांचा, साहित्य अकादमी मिळालं ते पण ते गेल्यावर. मी तो संग्रह तोवर वाचला नव्हता. त्या आठवड्यात वाचनालयातनं आणला आणि चिखल काढता काढता वाचला.

वहीतल्या कविता पुढच्या दोन-तीन शनिवारी परत गोळा झाल्या, ज्यानं जी ऐकवली होती त्यालाच बऱ्यापैकी पाठ निघाली, दाजींनी तर मी विसरलेल्या दोन सांगितल्या. आता बॉलपेननं लिहितो आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवतो. एक पान मात्र अजून तसंच आहे. वरची कविता सगळी वाहून गेलीय, कवीचं नाव गेलंय, खाली कोपऱ्यात माझ्या अक्षरात "पान 34" एवढंच राहिलंय. कुणी ऐकवली होती ते कुणालाच आठवत नाही, वाचनालयात दिसेल त्या संग्रहाचं पान 34 मी आधी उघडतो.